मुलांच्या बेकिंग वर्गात मदतनीस म्हणून जाताना



परीक्षा संपल्या की नागपुरात उन्हाळी शिबिरं सुरू होतात. पोहणं, चित्रकला, नाटक, आणि आता बेकिंगसुद्धा. शिकवणाऱ्या ताई शहरातल्या असतात, पण दहा-बारा लेकरं, एक ओव्हन आणि परातभर मैदा एकटीने सांभाळणं कुणालाच जमत नाही. त्यांना मदतनीस लागतात. स्वयंपाकाची सवय असलेल्या, स्वच्छ राहणाऱ्या आणि मुलांवर न खेकसणाऱ्या. अशा कामाला मी दोन उन्हाळे जाऊन आले, सोबत आमच्या गटातल्या आणखी दोघी. हा धडा त्याच कामाचा आहे. बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी मध्येच थांबवून विचारावं.

आमच्या वर्गाचं नाव होतं ‘पारंपरिक इंग्रजी बेकिंग’. आठ ते बारा वर्षांची बारा मुलं, चार सकाळी. पहिल्या दिवशी शॉर्टब्रेड, दुसऱ्या दिवशी स्कोन, तिसऱ्या दिवशी आल्याची बिस्किटं, चौथ्या दिवशी केक. नावं ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला. म्हटलं, आपल्याला भाकरी थापता येते, पुरणपोळी येते, हे साहेबाचं खाणं आपल्याला काय कळणार?

मग ताईंनी शॉर्टब्रेडचं सामान मांडलं. मैदा, साखर, बटर. बस, तीनच जिनसा. मी सोबतिणीकडे पाहिलं, ती म्हणाली, “अवं बाई, हे तर नानकटाईच करून राहिले!” तिचं अगदीच चुकलं नव्हतं. आपल्यातल्या वयस्क बायांना आठवत असेल, दिवाळीच्या आधी घरून मैदा, साखर, डालडा डब्यात भरून बेकरीच्या भट्टीवर न्यायचा, तिथे नंबर लावून बसायचं आणि गरम नानकटाई पत्र्याच्या डब्यात भरून आणायची. शॉर्टब्रेड ही तिचीच लांबची बहीण समजा. ती मूळची स्कॉटलंडची. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे, ते स्टीफन हिस्लॉप मिशनरीसुद्धा स्कॉटलंडचेच, 1845 साली नागपुरात आले. कामठीला इंग्रजांची छावणी तर त्याच्याही आधीची, 1821 ची. त्यामुळे ओव्हनमध्ये भाजलेलं हे खाणं आपल्या भागात आजच पहिल्यांदा आलंय असं काही नाही. पुण्याची श्रूजबेरी बिस्किटं तुम्ही खाल्ली असतील, श्रूजबेरी हे इंग्लंडमधल्या एका गावाचं नाव आहे.

आता माझी चूक सांगते, कारण ती तुम्हीही कराल.

पहिल्या दिवशी माझ्या टेबलावर चार मुलं होती. त्यांना बटर आणि मैदा बोटांनी चोळायचा होता. एकाचा गोळा फुटत होता, एकीचा टेबलाला चिकटला होता, तिसरा नुसता खात होता. माझे हात शिवशिवले. दहा मिनिटांत मी चौघांचेही गोळे माझ्याकडे ओढले, लाटले, कापले आणि एकसारखी सुबक बिस्किटं ट्रेमध्ये लावून टाकली. मला वाटलं, शाबासकी मिळेल. दुपारी न्यायला आलेल्या आईला एका मुलीने डबा दाखवला. आईने विचारलं, “यातलं तू कुठलं केलंस?” मुलगी गप्प. मग म्हणाली, “मी काहीच नाही केलं, मावशीने केलं.” आणि तिने डबा तिथेच टेबलावर ठेवून दिला.

ताई मला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “उद्यापासून हात मागे बांधून उभ्या राहा.” मला आधी अपमान वाटला. घरात आपलं कौतुक हाताच्या वेगाचं होतं ना! पण दुसऱ्या दिवशी खरंच पदराखाली हात धरून उभी राहिले आणि तेव्हा पहिल्यांदा मला मुलं काय करतात ते दिसलं. वाकडं बिस्कीट मुलाचं असतं, ते त्याला घरी न्यायचं असतं, आजीला दाखवायचं असतं. तुम्ही ते नीट केलं की ते तुमचं झालं.

मग मदतनिसाने करायचं काय? भरपूर असतं. वजन करायला काटा पुढे ठेवायचा. मुलाचा हात अडला तर दुसऱ्या गोळ्यावर, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गोळ्यावर, करून दाखवायचं. त्याच्या गोळ्याला हात लावायचा नाही. “कोरडा वाटतो का?” “किती टाकलं होतं?” असे प्रश्न विचारायचे. सांडलेलं पुसायचं, पण मूल रडवेलं होईल असं पुसायचं नाही. आणि ओव्हनचं सगळं काम आपलं, तिथे मात्र मुलाचा हात नको. त्याबद्दल पुढे सांगते.

शॉर्टब्रेडचं माप पाठ करायला सोपं आहे: एक, दोन, तीन. एक भाग साखर, दोन भाग बटर, तीन भाग मैदा. चार मुलांच्या टेबलाला 100 ग्रॅम पिठीसाखर, 200 ग्रॅम बटर, 300 ग्रॅम मैदा. म्हणजे 600 ग्रॅमचा गोळा, प्रत्येकाला 150 ग्रॅम, आणि 25 ग्रॅमचं एक धरलं तर प्रत्येकाची सहा बिस्किटं. हा हिशोब तुम्ही सांगू नका, मुलांना करू द्या. आमच्या टेबलावरच्या नऊ वर्षांच्या एका मुलाला भागाकार येत नाही म्हणून शाळेतून तक्रार होती. त्याने काट्यावर 600 चे चार वाटे इतके काटेकोर केले की शेजारचा मुलगा एका ग्रॅमसाठी त्याच्याशी भांडला. काट्याची भीती मला स्वतःलाही होती, खोटं कशाला सांगू. आपण मुठीने आणि वाटीने मोजणाऱ्या. पण आकडे नीट लावले की दहापैकी दहा वेळा बिस्कीट सारखंच येतं. जुन्या इंग्रजी पुस्तकांत माप औंसात असतं, एक औंस म्हणजे साधारण 28 ग्रॅम. ओव्हनची उष्णता फॅरनहाइटमध्ये दिली असेल तर 350 म्हणजे आपल्या ओव्हनवरचे साधारण 180.

आपल्याकडे मिळणारं पिवळं बटर बहुतेक खारट असतं. तेव्हा पिठात वेगळं मीठ टाकू नका.

नानकटाईत आणि यात एक फरक आहे, तो समजून घ्या म्हणजे मुलांना सांगता येईल. नानकटाईला तूप हाताने फेसून पांढरं करतो. शॉर्टब्रेडला आणि स्कोनला बटर थंडच हवं, त्याचे छोटे तुकडे मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळायचे, रव्यासारखं दिसेपर्यंत. असं केलं की मैद्याच्या कणाला तुपाचं अस्तर बसतं, त्यात चिवटपणा येत नाही आणि बिस्कीट खुसखुशीत होतं. पोळीची कणीक आपण मळून मळून लवचिक करतो, इथे त्याच्या उलट. जास्त मळलं की संपलं.

पण हे इंग्लंडच्या थंडीतलं शहाणपण आहे आणि आपला मे महिना 45 अंशांच्या घरात जातो. पहिल्या वर्षी सकाळी साडेदहाला वर्ग होता. बटर टेबलावर ठेवलं आणि दहा मिनिटांत त्याचं वरण झालं. मुलांच्या हातांनाही उष्णता असते. दुसऱ्या वर्षी आम्ही ताईंना सुचवलं आणि वर्ग सकाळी साडेसातला घेतला. बटरचे तुकडे आदल्या रात्रीच करून फ्रीजमध्ये, मैदासुद्धा फ्रीजमध्ये, आणि परात थंड पाण्याने पुसून कोरडी केलेली. चोळून झालेलं पीठ पंधरा मिनिटं पुन्हा फ्रीजमध्ये, तोवर मुलांना पाणी आणि गोष्ट. हे सुचवणारी आमच्यातली एक सातवी शिकलेली बाई होती. ताईंनी ते लगेच मान्य केलं. तेव्हा तिथे गेल्यावर गप्प राहू नका, उन्हाची अक्कल आपल्याला आहे.

भाजायला शॉर्टब्रेड 160 ते 170 अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं. रंग फिकटच राहायला हवा, कडेला जरा बदामी झाला की काढा. गरम असताना मऊच लागतं, गार झालं की कडक होतं. हे मुलांना आधी सांगा, नाही तर “कच्चं राहिलं” म्हणून गलका होतो. आणखी एक, छोट्या ओव्हनच्या एका ट्रेमध्ये वीसेक बिस्किटं मावतात. बारा मुलांची बहात्तर बिस्किटं म्हणजे चार घाणे, दीड तास. वर्ग दोन तासांचा असेल तर पहिला घाणा अर्ध्या तासात आत गेलाच पाहिजे. बटर पेपरवर पेन्सिलने प्रत्येकाचं नाव लिहा. नाव राहिलं की कुणाचं बिस्कीट कुणाचं यावरून होणारं रडं कुणालाही आवरत नाही.

स्वच्छतेविषयी सांगायचं तर एक जुनी हकीकत सांगावी लागेल.

कॅनडात अ‍ॅडलेड हूडलेस नावाच्या बाई होत्या. 1889 साली त्यांचं तान्हं बाळ गेलं. दूषित दूध पोटात गेल्याने ते दगावलं असं मानलं गेलं. त्यानंतर त्या बाई घरची स्वच्छता, अन्न साठवणं, दूध सांभाळणं हे मुलींना शाळेत शिकवावं म्हणून झगडत राहिल्या. 1897 च्या फेब्रुवारीत ओंटारियोतल्या स्टोनी क्रीक या गावी त्यांचं भाषण झालं आणि शेतकऱ्यांच्या बायकांनी आपली एक संस्था काढली, विमेन्स इन्स्टिट्यूट. पहिल्या महायुद्धाच्या काळात, 1915 साली, ती ब्रिटनमध्ये पोहोचली, वेल्समधल्या एका खेड्यात पहिली शाखा निघाली. गावोगावच्या बाया महिन्यातून एकदा जमायच्या, भाजी पिकवायच्या, मुरंबे घालायच्या, केक करायच्या. दुसऱ्या महायुद्धात 1940 साली सरकारने त्यांना साखर दिली आणि वाया जाणारी फळं त्यांनी गावातच जॅम करून टिकवली. ही संस्था आजही आहे. बैठक, वर्गणी, अध्यक्ष, सचिव, वरती संघ. ऐकल्यासारखं वाटतं ना? ज्याला आपण साहेबाचं खाणं म्हणतो, ते आजवर जपलं ते अशा खेड्यातल्या बायांच्या गटांनी. मला हे कळलं तेव्हा माझी भीती निम्मी गेली.

तर स्वच्छता. केस बांधून रुमाल. नखं कापलेली. ओढणी किंवा पदर खोचलेला, त्यावर अ‍ॅप्रन. बांगड्यांचा प्रश्न येतो. काचेची बांगडी पिठात फुटली तर सगळा गोळा फेकावा लागतो, तो तुकडा लेकराच्या तोंडात गेला तर काय होईल? हातच्या बांगड्या काढायला आपल्याला जड जातं, मलाही गेलं. ज्यांना काढायच्या नसतील त्यांनी त्या वर सरकवून त्यावर लांब बाहीचं इलॅस्टिक घालावं आणि पिठात हात न घालता काट्याचं किंवा भांड्यांचं काम घ्यावं. अंगठी मात्र काढाच. मुलांचे हात साबणाने धुऊन घ्या, वर्गाच्या सुरुवातीला आणि नाक पुसल्यावर प्रत्येक वेळी. नाक तर पुसतातच. कच्चं पीठ चाटू देऊ नका. कच्च्या अंड्यानेच नाही, कच्च्या मैद्यानेही पोट बिघडतं.

आता जी गोष्ट लिहायला मला अवघड जातंय ती.

तिसऱ्या दिवशी सजावटीचे बदामाचे काप संपले. माझ्या जेवणाच्या डब्यात शेंगदाण्याचा कूट होता, चटणीसाठी आणलेला, बिनमिठाचा. मी मोठ्या मनाने तो पुढे केला. मुलांनी बिस्किटांवर भुरभुरला. त्यातल्या एका मुलीने बोट चाटलं आणि पाच मिनिटांत तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, ती खोकायला लागली. तिला शेंगदाणा चालत नव्हता. तिच्या आईने ते अर्जात लिहून दिलं होतं. अर्ज इंग्रजीत होता, फायलीत होता, आणि फाईल ताईंच्या पिशवीत होती. ताईंनी तिला तसंच उचलून दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत ती बरी झाली, दुसऱ्या दिवशी हसत आली. मला मात्र ती रात्र झोप लागली नाही. तिची आई मला एक शब्द बोलली नाही. तेच जास्त लागलं.

तेव्हापासून आमचा नियम आहे आणि तो तुम्ही लिहून घ्या. वर्ग सुरू व्हायच्या आधी, सोडायला आलेल्या प्रत्येक पालकाला तोंडी विचारायचं, मराठीत नाही तर हिंदीत: “बाळाला काय चालत नाही?” शेंगदाणे, काजू-बदाम-अक्रोड, दूध, अंडं, गहू, तीळ, सोयाबीन, एकेक नाव घेऊन विचारायचं, कारण नुसतं विचारलं तर लोक “काही नाही” म्हणून मोकळे होतात. ज्याला काही चालत नसेल त्याच्या मनगटाला लाल रिबीन आणि भिंतीवरच्या कागदावर त्याचं नाव, मराठीत, मोठ्या अक्षरात. इंग्रजी वाचता येत नाही म्हणून लाजू नका, “ताई, हा अर्ज मला वाचून दाखवा” असं सांगा. मी लाजले होते. आणि घरून आणलेलं काहीही मुलांच्या खाण्यात घालायचं नाही, तुमचा डबा वेगळ्या खोलीत. कुठल्याही मुलाला ओठ-चेहरा सूज, श्वासाला त्रास, सतत खोकला, अचानक उलट्या सुरू झाल्या तर घरगुती उपाय करत बसायचं नाही. लगेच दवाखाना, नाही तर 108 ला फोन.

ओव्हनचं म्हणाल तर तो एका कोपऱ्यात असावा आणि त्याच्यापुढे जमिनीवर खडूने रेघ मारावी. रेघेच्या आत फक्त एक मदतनीस, ठरलेली, पूर्ण वेळ तीच. ओलं फडकं धरून ट्रे काढू नका, ओल्या फडक्यातून चटका लगेच बसतो. कोरडे जाड हातमोजे वापरा. ट्रे बाहेर काढताना “गरम!” असं मोठ्याने म्हणायचं, पुन्हा पुन्हा म्हणायचं. मुलं हसतात, हसू द्या. ओव्हनची वायर वाटेत नको, आणि जुन्या घरात त्याच प्लगच्या पट्टीवर कूलर लावू नका.

तरी कुणाला भाजलंच तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं. टूथपेस्ट नाही, हळद नाही, बर्फही नाही. पण मे महिन्यात आपल्याकडे छतावरच्या टाकीतून नळाला येणारं पाणी स्वतःच पोळतं! म्हणून आम्ही सकाळीच एक बादली पाणी भरून सावलीत ठेवतो आणि मगाने धार धरतो. फोड आला, चेहरा किंवा हाताचा पंजा भाजला, तर डॉक्टरकडे.

स्कोनचं थोडक्यात सांगते. 225 ग्रॅम मैदा, तीन छोटे चमचे बेकिंग पावडर, 55 ग्रॅम थंड बटर चोळून, 25 ग्रॅम साखर, 150 मिलिलीटर दूध थोडंथोडं. भाकरीपेक्षा जाड, दोन सेंटिमीटर थापायचं, वाटीने किंवा पेल्याने गोल कापायचं. पेला सरळ खाली दाबा, फिरवू नका, फिरवला की कडा दाबल्या जातात आणि स्कोन वाकडा फुगतो. 220 अंशांवर बारा ते पंधरा मिनिटं. इंग्लंडमध्ये तो मधून उघडून जॅम आणि घट्ट साय लावून चहाबरोबर खातात. डेव्हन या जिल्ह्यात आधी साय मग जॅम, शेजारच्या कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम मग साय, आणि यावरून ते लोक अजून वाद घालतात. आमच्या मुलांनीही वाद घातला. आम्ही घरची साय आणि हिवाळ्यात घालून ठेवलेला संत्र्याचा मुरंबा नेला होता, पण तो आधी ताईंना दाखवून, पालकांना विचारून. संत्र्याची साल सुकवून पूड करून ठेवली असेल तर शॉर्टब्रेडमध्येही छान लागते. मे महिन्यात ताजी संत्री कुठली मिळायला, तेव्हा साल बहाराच्या वेळीच वाळवा.

आल्याच्या बिस्किटांत तिकडे ट्रीकल नावाचा काळा पाक घालतात. तो उसाच्या साखरेचाच उरलेला पाक. त्याऐवजी आम्ही काकवी वापरली, आणि सुंठ. ताईंनी माणसाच्या आकाराचा साचा आणला होता, कारण तिकडे या बिस्किटांचे बाहुले करतात. एका मुलाने साचा बाजूला सारला आणि सुरीच्या बोथट बाजूने बैल कापला. तान्ह्या पोळ्याचा बैल, शिंगं, वशिंड, सगळं. मग सगळ्यांनाच बैल हवे झाले. शिंगं पातळ म्हणून आधी करपली, मग कुणीतरी शिंगांवर बटर पेपरची टोपी ठेवायची युक्ती काढली. कुणी काढली ते विचारू नका, मोठ्या माणसाने काढली नव्हती.

केकच्या दिवशी अंड्याचा प्रश्न येतो. इंग्रजांचा व्हिक्टोरिया केक, राणीच्या नावाचा, त्याचं माप अंड्यावरच चालतं: अंडी कवचासकट तोलायची आणि तेवढ्याच वजनाचं बटर, तेवढीच साखर, तेवढाच मैदा. विमेन्स इन्स्टिट्यूटच्या स्पर्धेत या केकच्या मध्ये फक्त रासबेरीचा जॅम चालतो आणि वरून भुरभुरलेली साखर. मलई लावली की बाद. आपल्या वर्गात मात्र निम्म्या घरी अंडं चालत नाही. ते आधीच विचारून बिनअंड्याचं टेबल वेगळं करा, त्याची भांडी, चमचे, ट्रेसुद्धा वेगळे, आणि ही भांडी एकत्र धुवू नका. एखाद्या घराचा विश्वास तिथेच राहतो किंवा जातो. बिनअंड्याचा केक म्हणजे कमअस्सल असं कुणी मुलगा म्हणाला तर त्याला आल्फ्रेड बर्ड यांची गोष्ट सांगा. ते इंग्लंडमधले औषधवाले. त्यांच्या बायकोला अंडंही सोसत नव्हतं आणि यीस्टही. तिच्यासाठी त्यांनी 1837 मध्ये बिनअंड्याची कस्टर्ड पावडर केली आणि 1843 मध्ये बेकिंग पावडर. आज जगभर केक फुगतो तो त्या बाईला सोसत नव्हतं म्हणून. आपल्याकडे दही आणि खायचा सोडा तेच काम करतात.

पैशाचं बोलायचं राहिलं. पहिल्या वर्षी आम्ही काही ठरवलंच नाही, शेवटी हातात बिस्किटांचा डबा आला आणि ‘थँक्यू’. येण्याजाण्याचं भाडं आमचं आम्हीच भरलं. दुसऱ्या वर्षी दुसऱ्या ठिकाणी जाण्याआधी गटाच्या सचिवाने कागदावर लिहून घेतलं: रोजचे तास किती, भांडी घासायचा आणि मांडामांडीचा वेळ त्यात धरला की नाही, भाडं कुणाचं, अ‍ॅप्रन कुणाचा, सामान कोण आणणार. बटर सगळ्यात महाग, ते कधीही आपल्या पैशाने आणू नका. दोन्ही बाजूंच्या सह्या. मला वाटलं होतं ताई नाराज होतील, उलट त्यांनाच बरं वाटलं. वर्गात तुम्हाला काय म्हणायचं तेही पहिल्याच दिवशी सांगा. आम्ही सांगितलं, ‘ए बाई’ नको, ‘मावशी’ म्हणा. मुलं लगेच शिकली, काही पालकांना चार दिवस लागले.

बिस्किटं करून विकण्याचा विचार कुणाच्या मनात असेल तर त्याला अन्न नोंदणी लागते, लेबल लागतं, तो पूर्ण वेगळा धडा आहे.

जायच्या आधी घरी एकदा सराव करा. ओव्हन नसला तरी चालतं. जाड कढईत बोटभर मीठ किंवा धुतलेली वाळू पसरा, त्यावर स्टँड, झाकण घालून मंद आचेवर दहा मिनिटं तापवा, मग ताटलीत बिस्किटं ठेवून झाकण घाला. वीस मिनिटांनी पाहा, बुडाशी रंग लवकर येतो. गटातल्या चौघींनी मिळून 300 मैदा, 200 बटर, 100 साखर घ्या, आणि गोळे तुमच्या नाही, तुमच्या मुलांच्या आणि नातवंडांच्या हातात द्या. एकीने घड्याळ लावून पाहावं की कोण किती वेळ हात मागे ठेवू शकतं. आमच्या गटात पहिल्या खेपेला सगळ्यात जास्त वेळ टिकलेली बाई सहा मिनिटांत हरली. पुढच्या बैठकीला बिस्किटं आणाल तेव्हा वाकडीच आणा.